थांब्यावरची दहा मिनिटं

श्रोतेहो, नमस्कार. मी गुहागर तालुक्यातला. आमच्या वाडीत घरटी एक माणूस आखातात. मीही गेलो आणि नऊ वर्षं दुबईत बस चालवली.

वाळवंटात गाडी चालवायची म्हणजे उन्हाचा त्रास, असं सगळ्यांना वाटतं. पण गाडीत एसी असतो, ड्रायव्हरला ऊन लागत नाही. ऊन लागतं ते थांब्यावर उभ्या असलेल्या माणसाला.

१९६०च्या सुमारास ४०,००० वस्तीचं ते गाव, आज ३५ लाखांच्या वर गेलंय. ९ सप्टेंबर २००९ला तिथे मेट्रो सुरू झाली, ड्रायव्हरशिवाय धावणारी. घड्याळाच्या काट्यावर येते. पण स्टेशनापासून घर किलोमीटरभर लांब असेल आणि बाहेर ४५ अंश असतील, तर चालणार कोण? म्हणून स्टेशन ते वस्ती अशा छोट्या फेऱ्यांच्या बस असतात. मी तीच चालवायचो. मेट्रो वेळेवर, आणि माझ्यापुढे रोज नवं खोदकाम. काल होता तो रस्ता आज बंद. शहर इतक्या झपाट्यानं वाढतं, की आधी बिल्डिंग भरते आणि बस मागून पोचते.

एक दुपार अजून डोळ्यांसमोर आहे. जुलै महिना, साडेतीन वाजलेले. वळणरस्त्यामुळे मला दहा मिनिटं उशीर झाला होता. एसीचे बंदिस्त थांबे तिथे बरेच आहेत, पण या नव्या वस्तीत नुसता खांब आणि फलक. त्या फलकाची सावली हातभर. एक कामगार तेवढ्या सावलीत डोकं राहील असा उभा होता, आणि सावली सरकेल तसा सरकत होता. दार उघडलं तर म्हणाला, "भाई, पानी?" गाडीत खाणं-पिणं मना, दंड होतो. तो पायरीखाली उभा राहूनच माझी बाटली प्यायला, सगळी. तोवर मी दार उघडं ठेवलं. त्यानंतर माझ्यासाठी उशीर म्हणजे मिनिटं राहिली नाहीत, तो माणूस झाला.

पावसाचंही सांगतो. १६ एप्रिल २०२४ला दुबईच्या विमानतळावर २४ तासांत १४२ मिलिमीटर पाऊस झाला. आपल्याकडे आषाढात एवढा पडला तरी वस्तीची गाडी पहाटे निघतेच. तिथे पाणी जायला वाटच नव्हती. रस्ते तुंबले, मेट्रोची काही स्टेशनं महिनाभर बंद राहिली. पैसा कमी नव्हता हो. पण ज्या हवेची सवय आहे, तिच्यासाठीच माणूस सोय करून ठेवतो.

मग आपण पावसाची सोय केली का? गावी आलो तेव्हा आमच्या फाट्यावरच्या शेडचा निम्मा पत्रा उडालेला. सकाळच्या एस.टी.ला कॉलेजची पोरं, दवाखान्याला निघालेल्या म्हाताऱ्या, सगळे उरलेल्या निम्म्यात दाटीनं उभे. छत्री उलटी होते अशा वाऱ्यात तिथे वीस मिनिटं काढून बघा. आपल्याकडे हात दाखवला की गाडी थांबते, ही माया तिथे मला कधी दिसली नाही. पण हात दाखवेपर्यंत माणूस कोरडा राहायला हवा ना?

मेमध्ये वाडीतल्या आम्ही सहा जणांनी वर्गणी काढून पत्रे आणले, ग्रामपंचायतीनं पाइप दिले. मिरगाच्या आदल्या दिवशी शेवटचा बोल्ट आवळला. पश्चिमेची बाजू अजून उघडी आहे, झड तिकडूनच येते. गणपतीला मुंबईकर येतील, तेव्हा तीही बंद करून घेणार आहोत.