कटल्याचं डोकं

मंडळी, विषय जाहीर झालाय तो असा : वय वाढतं तसं गळ टाकणाऱ्याचं माशाच्या फोटोबद्दलचं मत का बदलतं. त्याकडे येतोच, पण आधी थोरल्या काकांचा कटला सांगितल्याशिवाय मला पुढं जाता येत नाही.

साल 1987. जायकवाडी धरण होऊन अकरा वर्षं झाली होती, त्याच्या नाथसागर जलाशयाचा फुगवटा भरलेला. काकांची वेळूची काठी, पाण्यावर तरंगणारी मोरपिसाची काडी, गळाला कणकेचा गोळा. सकाळी साडेसातला काडी बुडाली आणि पाऊण तासानं कटला काठाला आला. काट्यावर अकरा किलो भरला. कॅमेरा कुणाकडं असणार? काकांनी मासा ओल्या बारदानात गुंडाळला, सायकलच्या कॅरेजला बांधला आणि गावातला स्टुडिओ गाठला. तिथं आधी एका लग्नाच्या जोडप्याचे फोटो चालू होते. काका दोन तास बाकावर बसले आणि बारदानावर तांब्या तांब्या पाणी घालत राहिले. पाण्याबाहेर माशाचा रंग कसा उतरतो, ते तुम्हाला सांगायला नको. खवल्यांवरची रुपेरी झाक गेली, डोळा पांढुरका झाला. मग पडद्यापुढं उभं करून एकच फोटो काढला. रोलमध्ये छत्तीस असतात, पण आमच्या वाट्याला एकच.

आठ दिवसांनी फोटो हातात आला. काका पूर्ण, मागं रंगवलेला ताजमहाल पूर्ण, आणि माशाचं डोकं चौकटीबाहेर! कटल्याचं डोकं हो! कटला ओळखायचा तोच मुळी त्या रुंद डोक्यावरून आणि वर वळलेल्या जबड्यावरून. काका एवढंच म्हणाले, "डोकं कुठं गेलं रे बाबा?" त्या माणसानं पैसे पूर्ण घेतले. मला त्याचा राग आजही येतो. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो, सायकलमागं पळत गेलो होतो.

काकांनी पुन्हा फोटो काढला नाही. कुणी विचारलं तर दोन्ही तळहात समोर धरून डोक्याची रुंदी दाखवायचे. ऐकणाऱ्याला मासा दिसायचा.

(अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं. बरं.)

मग माझ्या हातात मोबाईल आला. हात पुढं ताणून मासा धरला की दीड किलोचा रोहू चार किलोचा दिसतो, हे इथल्या तरुणांना चांगलं ठाऊक आहे. हसू नका, मीही तसेच काढले. त्या वयात फोटो म्हणजे पुरावा असतो, आणि तो हवासा वाटण्यात गैर काही नाही. पण एका फोटोत माझ्यामागं एक वाकडी बाभूळ आली. पुढच्या रविवारी त्या बाभळीखाली अकरा मोटारसायकली. आषाढ होता, पुराचं पाणी चढत होतं, माद्या अंड्यांनी भरलेल्या. त्या दिवशी तिथं काय काय निघालं ते मी मोजलं आणि घरी येऊन मोबाईलमधले सगळे फोटो पुसले.

तेव्हा मुद्दा असा. आधी आपण लोकांना दाखवायला फोटो काढतो. पुढं पुढं मासा आपल्याला इतका नीट दिसू लागतो की पुराव्याची गरज उरत नाही, आणि त्याला दगडावर टाकून कोन शोधायला जीव होत नाही. अंगावरचा बुळबुळीत थर हेच त्याचं कवच. तापल्या खडकावर, कोरड्या हातात ते निघून जातं. सोडायचा असेल तर हात ओले करा, मासा पाण्यातच असू द्या आणि फोटो एकच काढा.

अलीकडं मी पुन्हा फोटो काढतो, पण गळाशिवाय. परवा मरळीच्या पिलांचा तांबूस घोळका मिळाला. पिलं पृष्ठभागावर हवा घ्यायला येत होती, खाली मोठी मरळ राखण करत होती. कार्यक्रमानंतर इकडं या, दाखवतो. ठिकाण तेवढं विचारू नका.