सही कापू नका

नमस्कार, श्रोतेहो. बेळगावच्या टिळकवाडीतल्या आमच्या घरी एक जुनी स्वाक्षरीवही आहे आणि तिच्या एका पानावर माझा शाळकरी पराक्रम डिंकाने चिकटलेला आहे. एका लेखिकेने मावशीला पाठवलेल्या पोस्टकार्डावरची सही मी कात्रीने कापून तिथे लावली आणि उरलेले कार्ड टाकून दिले. त्या बोटभर पट्टीवर आज ना तारीख आहे, ना पोस्टाचा शिक्का.

लेखिका आणि समाजसुधारक स्त्रियांच्या बाबतीत हे नुकसान अधिक मोठे असते, कारण त्यांची नावे आयुष्यात बदलत गेली. आपल्याच कर्नाटकात गंगामूळ येथे 1858 साली जन्मलेल्या रमाबाई डोंगरे 1880 मध्ये विवाहानंतर मेधावी झाल्या. त्याआधीच कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ म्हटले होते. त्यामुळे त्यांच्या पत्राखाली कोणते नाव आहे, यावरूनही काळाचा अंदाज बांधता येतो. बाळूताई खरे यांनी 1933 मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध केले ते ‘विभावरी शिरूरकर’ या नावाने, आणि ही बाई नेमकी कोण यावरच तेव्हा गदारोळ माजला. पुढे विश्राम बेडेकरांशी लग्न होऊन त्या मालती बेडेकर झाल्या. या तीन नावांपैकी कोणते नाव कोणाला लिहिताना वापरले, हे कळायला सहीच्या वरचा मायना हवा. नुसती सही मुकी असते.

बेळगावकरांना जवळचे उदाहरण कवयित्री इंदिराबाई संतांचे आहे. माहेरच्या त्या दीक्षित. त्यांचा आणि त्यांचे पती नारायण संत यांचा ‘सहवास’ हा कवितासंग्रह 1940 चा, तर ‘शेला’ हा एकट्या इंदिराबाईंचा संग्रह 1951 चा. मधल्या काळात, 1946 मध्ये, नारायणराव गेले. म्हणजे कोणाच्या माळ्यावर ‘सहवास’ची दोघांच्या सह्यांची प्रत निघालीच, तर तारीख नसली तरी त्या सह्या तेवढ्या सहा-सात वर्षांतल्या ठरतात.

त्याहून जुन्या कागदांवर सही मोडी लिपीत असू शकते, आणि वाचता येत नाही म्हणून ती जमाखर्चाच्या चोपड्यांबरोबर रद्दीत जाते. असा कागद सापडल्यास मोडीच्या जाणकाराला दाखवावा. त्याला सेलोटेप लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये. आपल्याकडच्या पावसाळ्यात दमट भिंतीलगतच्या कपाटातही ठेवू नये, कारण कसर तिथेच लागते. कागद कोणाकडून आला, कोणत्या पुस्तकात सापडला, हे वेगळ्या पाकिटावर पेन्सिलीने लिहावे.

माझ्या पट्टीच्या पाकिटावर मला एवढेच लिहिता आले: ‘मावशीच्या पोस्टकार्डावरून. तारीख नाही.’