आखाजी ते मृग : सुटीतलं पुस्तक

[दृश्य : दुपारचा एक. अमळनेर तालुक्यातलं एक गाव. रिकामा पार, अर्धं ओढलेलं किराणा दुकानाचं शटर.]

एप्रिल कलला की खान्देशात दिवसाचे दोन तुकडे पडतात. सकाळी अकरापर्यंत एक आणि संध्याकाळी पाचनंतर दुसरा. मधले सहा तास उन्हाचे. जळगाव-भुसावळकडे पारा 44-45 अंशांना टेकतो. शेतात गेलेली माणसं घर गाठतात, कूलर घरघरू लागतात आणि गल्लीत चिटपाखरू दिसत नाही. याच दिवसांत आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, येते. सासुरवाशिणी माहेरी येतात, कडुनिंबाला झोके चढतात, वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या सालदारांचं जुनं साल संपून नवं ठरतं. आखाजीच्या आगेमागे शाळांनाही सुटी लागते, ती थेट जूनच्या मध्यापर्यंत.

म्हणजे हायस्कूलच्या पोरापोरींच्या हातात जवळपास सहा आठवड्यांच्या दुपारी असतात. बाहेर पडायची सोय नाही, अशा दुपारी. वर्षभर हीच मुलं सांगतात, "सर, वाचायला टाइमच नाही." टाइम आता आहे. पण पुस्तकं नेमकी याच सहा आठवड्यांत कुलपात असतात.

[दृश्य : शाळेतलं लोखंडी कपाट. किल्ली फिरते, दार करकरतं.]

असं कपाट बहुतेक शाळांत सापडेल. दार उघडलं की आधी डांबराच्या गोळ्यांचा वास येतो. वरच्या फळीवर शब्दकोश आणि जाडजूड ग्रंथ, जे उतरवायला स्टूल लागतं. मधल्या फळ्यांवर थोर पुरुषांची चरित्रं, एकेकाच्या चार-चार प्रती. खाली अभ्यासक्रम बदलून गेला तरी राहिलेली जुनी गाइडं. आणि या सगळ्याच्या अधेमधे दडलेली खरोखर वाचण्यासारखी पुस्तकं. एखादं काढून शेवटचं पान उघडावं, तर तारखा टाकायची चिठ्ठी कोरी. शाळेत येऊन वर्षं झाली, पण ते पुस्तक कुणाच्या घरी गेलेलं नाही.

यात कुणाला दोष देणं सोपं आहे. पण कुलपामागचं कारण समजून घेतलं पाहिजे. शाळेत आलेलं प्रत्येक पुस्तक दाखल नोंदवहीत चढतं, त्याला क्रमांक मिळतो आणि तिथून ते शाळेची मालमत्ता होतं. मोठ्या शाळेत ग्रंथपाल असतो. छोट्या शाळेत हे काम विज्ञानाच्या नाहीतर चित्रकलेच्या शिक्षकाच्या गळ्यात पडतं. पुस्तक हरवलं की उत्तर त्यानेच द्यायचं, कधी भरपाईही त्यानेच करायची. मग तो एप्रिलमध्ये सूचना काढतो, "सर्व पुस्तके त्वरित जमा करावीत." मोजणी होते, आकडा जुळतो, कुलूप लागतं. कागदावर सगळं चोख.

[दृश्य : व्हरांड्यात मांडलेली बाकं. त्यांवर पुस्तकं. मुलांची गर्दी.]

अमळनेर तालुक्यातल्या या गावच्या हायस्कूलमध्ये मात्र सुटीच्या आदल्या दिवशी कपाट रिकामं करतात. बाकं ओळीने लावतात, त्यांवर पुस्तकं उताणी मांडतात. उताणी यासाठी की मुखपृष्ठ दिसलं पाहिजे. कपाटात नुसता कणा दिसतो, आणि कण्यावरचं नाव वाचून पुस्तक मागण्याइतकी ओळख या मुलांची अजून झालेली नाही.

मुलं निवडतात कशी, हे बघण्यासारखं आहे. मुलगे आधी जाडी बघतात. अंगठ्याने पानं फर्रकन सोडून दिली की अंदाज येतो. मुली चित्रं आहेत का बघतात, मग मैत्रिणीने काय घेतलं ते बघतात. एक पोरगा भुताच्या गोष्टींचं पुस्तक सोडायला तयार नाही आणि दुसऱ्यालाही तेच हवंय. मॅडम न्याय करतात : "आधी तू ने. बाजाराच्या दिवशी परत आण, मग तो नेईल." बाजाराच्या दिवशी मॅडम गावात येतातच. तासभर शाळेचं दार उघडून बसतात. पुस्तक बदलायची हीच सोय.

यादी कुणाला दिलेली नाही. अमेरिकेतल्या पुष्कळ हायस्कूलांत उन्हाळ्याच्या सुटीसाठी वाचनाची यादी देतात आणि शाळा उघडली की त्यावर निबंध नाहीतर चाचणी घेतात. तिथली मुलंही सुटीच्या शेवटच्या आठवड्यात सारांशावर भागवतात, ही कुरकूर जुनी आहे. त्याच देशातला दुसरा एक अनुभव आपल्याला जास्त उपयोगी पडेल. रिचर्ड अ‍ॅलिंग्टन आणि अ‍ॅन मॅकगिल-फ्रान्झन या अभ्यासकांनी फ्लोरिडा राज्यात गरीब वस्तीतल्या शाळांमधल्या मुलांना लागोपाठ तीन उन्हाळे दरवर्षी बारा पुस्तकं घरी दिली. पुस्तकं मुलांनी स्वतः निवडलेली होती. 2010 मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. पुस्तकं मिळालेली मुलं वाचनात न मिळालेल्यांच्या पुढे गेली आणि सर्वांत गरीब घरांतल्या मुलांना फायदा अधिक झाला. ती मुलं प्राथमिक शाळेतली होती, हे खरं. पण आवडीचं पुस्तक हातात असणं हायस्कूलच्या मुलाला कमी लागू पडेल, असं मानायचं कारण दिसत नाही.

आपल्याकडची अडचण आणखी एक आहे. मराठीच्या पाठ्यपुस्तकात मुलांना बरेच लेखक भेटतात, पण दोन-दोन, तीन-तीन पानांपुरते. मोठ्या पुस्तकातला एक उतारा, वर लेखकाचा चौकटीतला परिचय, खाली आकृतिबंध पूर्ण करा. त्यातच 'स्थूलवाचन' म्हणून वेगळे पाठ असतात. हेतू असा की मुलाने भराभर, स्वतःच्या मनाने वाचावं. आता त्यावरही मार्कांचे प्रश्न येतात, म्हणून तेही गाइडमधून पाठ होतं. दहावीपर्यंत पोहोचलेल्या कितीतरी मुलांनी एक अख्खं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलेलं नसतं. सुटीतल्या वाचनाचा उपयोग काय, असं विचारलं तर आमचं उत्तर एवढंच आहे : अख्खं पुस्तक.

[दृश्य : अमळनेर. बोरी नदीचं पात्र, मग शहरातला रस्ता.]

कुठलं पुस्तक, हा प्रश्न येतोच. खान्देशातल्या मुलाला त्यासाठी फार लांब जावं लागत नाही.

याच अमळनेरला प्रताप हायस्कूलमध्ये 1924 पासून काही वर्षं साने गुरुजी शिक्षक होते. वसतिगृहातल्या मुलांसाठी ते हाताने लिहून दैनिक काढत. छापखाना नाही, वर्गणी नाही, सकाळी मुलांनी उठून वाचायचं. शाळकरी वाचक काय मागतो, हे त्यांना तिथेच कळलं असणार. पुढे 1932 मध्ये ते धुळ्याच्या तुरुंगात होते. तिथे विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि गुरुजी ते उतरवून घेत. आज छापील मिळणारी 'गीता प्रवचने' ती हीच. 'श्यामची आई'सुद्धा तुरुंगातलीच, नाशिकच्या. पाठ्यपुस्तकातला उतारा वाचून रडलेली मुलं पुष्कळ भेटतात. पूर्ण पुस्तकात श्याम किती हट्टी आहे आणि मधूनमधून किती हसवतो, हे त्यांतल्या थोड्यांनाच माहीत असतं.

धरणगावचे त्र्यंबक बापूजी ठोंबरे 1907 मध्ये जळगावच्या कविसंमेलनात उभे राहिले, तेव्हा त्यांचं वय सोळा-सतरा. म्हणजे आजच्या दहावी-अकरावीच्या मुलाएवढं. कविता ऐकून अध्यक्ष डॉ. कीर्तिकरांनी त्यांना 'बालकवी' म्हटलं, आणि तेच नाव राहिलं. 1918 मध्ये भादलीजवळ रेल्वे अपघातात ते गेले, तेव्हा तिशीही गाठली नव्हती. जळगाव-भुसावळ गाडीने जाणारी मुलं भादली स्टेशनावरून जातात. शिक्षकाने खिडकीतून बोट दाखवलं, तर कवितेच्या तासाला निराळाच रंग चढेल.

असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी मुलगा सोपानदेवांनी आणि एका नातलगाने उतरून ठेवली. त्या 1951 मध्ये गेल्या आणि पुढच्याच वर्षी गाणी छापली गेली. यावल-रावेरकडच्या मुलांना घरच्याच बोलीतली ती गाणी वाचताना टिपांची गरज पडत नाही. तळटीप पुण्याच्या मुलाला लागते. वर्गात इथल्या मुलाचा असा वरचष्मा क्वचितच असतो, तेव्हा तो त्याला मनसोक्त मिरवू द्यावा.

यावल तालुक्यातल्या सांगवीचे भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' ही कादंबरी 1963 मध्ये आली. ती दहावीच्या मुलाला द्यावी का, यावर शिक्षकांच्या खोलीत दोन तट पडतात. आमचं मत विचाराल तर आपण होऊन हातात देऊ नये, पण कुणी मागितली तर नाही म्हणू नये.

आणि घरात मोबाइल असेल, तर तोही अगदीच वैरी नाही. धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ज्याचे प्रमुख संपादक होते, तो मराठी विश्वकोश आज मोबाइलवर फुकट वाचता येतो. बालभारतीचं 'किशोर' मासिक 1971 पासून निघतंय, त्याचे जुने अंकही तसेच मिळतात. रेंज मिळाली पाहिजे, एवढंच. सातपुड्याच्या कुशीतल्या गावांत तिथेच घोडं पेंड खातं.

[दृश्य : धाब्याचं घर. गच्चीवर खाटा, त्यांवर वाळत घातलेले बिबडे. सकाळचे आठ.]

सुटी म्हटली तरी मुली मोकळ्या नसतात. हे वाळवणाचे दिवस. ज्वारीचे बिबडे ओल्या कापडावर पसरायचे, कापड अलगद खाटेवर उलटं करायचं, पाणी मारून सोडवायचं. हे काम उन्हं तापायच्या आत उरकावं लागतं. मग कुरडया, शेवया, उडदाचे पापड. पापड लाटायला शेजारच्या चार बाया जमतात, आणि घरातली दहावीत जाणारी मुलगी लाट्या करून देते. अकरा वाजता हात धुऊन ती ओसरीवर पुस्तक घेऊन बसते. आजी खाटेवर आडवी झालेली.

"काय वाची राहिनी वं माय?"

"गोष्ट शे, आजी."

"मंग जोरमा वाच ना. माले बी आयकू दे."

मुलगी मोठ्याने वाचू लागते. पुस्तकातली मराठी एक, आजीची अहिराणी एक. अडलेल्या ठिकाणी मुलगी आपणच अहिराणीत सांगून पुढे जाते. पापड लाटणाऱ्या बायांचे कानही तिकडेच. पान उलटायला जरा वेळ लागला की आतून आवाज येतो, "मंग पुढे काय व्हयनं?" शाळेत या मुलीला उठून प्रकट वाचन करायला सांगितलं, तर तिचा आवाज पहिल्या बाकापलीकडे जात नाही. इथे चुलीपर्यंत जातोय.

[दृश्य : नंदुरबार जिल्हा. एसटी स्टँड. पिशव्या, पत्र्याच्या पेट्या, मुलं.]

सगळ्यांची दुपार अशी सावलीतली नसते. सालदाराचा मुलगा सुटीत बापाच्या मदतीला जातो. नंदुरबारकडच्या आश्रमशाळा सुटल्या की मुलं पेट्या उचलून पाड्यावर जातात, आणि काहींचे आईबाप तिथेही नसतात, कामासाठी गुजरातेत गेलेले असतात. घरात भिली नाहीतर पावरी बोलली जाते. पुस्तकातली मराठी ही शाळेतली भाषा, ती घरी कुणाशी बोलायची? अशा मुलाला तीनशे पानांची कादंबरी देऊन काही साधत नाही. एका बैठकीत संपणारं, मोठ्या अक्षरातलं, पिशवीत दुमडून मावणारं पुस्तक द्यावं. धाकट्या भावालाही दाखवता येईल असं. पेटीत असं एक पुस्तक टाकायला वेगळी योजना लागत नाही.

गावातल्या वाचनालयांकडेही बघायला हवं. 1967 च्या कायद्यानंतर महाराष्ट्रात शासनमान्य ग्रंथालयं गावोगाव झाली. अ, ब, क, ड असे त्यांचे वर्ग, त्याप्रमाणे अनुदान. खेड्यात बहुधा 'ड' वर्ग. सकाळी तिथे म्हातारी मंडळी पेपरची पानं वाटून घेतात, आणि पोरांनी आत डोकावलं तर "काय रे, काय काम आहे?" असं विचारलं जातं. सुटीपुरतं एक बाकडं पोरांसाठी राखलं, तर अनुदानात कपात व्हायची नाही.

राहता राहिली दहावीत जाणारी मुलं. त्यांची सुटी व्हेकेशन बॅचने आधीच खाल्लेली असते. सकाळी सात ते दहा क्लास, घरी आल्यावर क्लासचा होमवर्क. पालक म्हणतात, हे एक वर्ष जाऊ द्या, मग आयुष्य पडलंय वाचायला. मग अकरावी येते, नीट-जेईई येते आणि ते वाक्य पुढच्या वर्षावर ढकललं जातं. या मुलांना फक्त दुपारचा तास मिळतो. तेवढा तरी त्यांच्याकडून काढून घेऊ नये. आणि वाचलेल्या पुस्तकाचा अहवालही मागू नये. अहवाल मागितला की त्याचंही गाइड निघेल.

[दृश्य : जून. पेरणीची लगबग, कपाशी लावलेली सरी. शाळेचं उघडं फाटक.]

मृग लागला. ठिबकवरची कपाशी वर आली आहे. शाळा भरते आणि व्हरांड्यातल्या बाकांवर पुस्तकं परत येऊ लागतात. एकाचं मुखपृष्ठ गेलंय, पण वर्तमानपत्राचं नवं कव्हर घालून आणलंय. एकाच्या पानांवर हळदीची बोटं उठलीत. भुताच्या गोष्टींचं पुस्तक ज्याच्या नावावर होतं त्याच्याकडून आलंच नाही, ते भलत्याच मुलाने आणून दिलं. दोन पुस्तकं शिवायला टाकावी लागणार.

आणि एक सुरतेला राहिलंय. मुलगा सुटीत मामाकडे गेला होता. त्याच्या मामेभावाचं निम्मं वाचून झालंय, संपलं की गावी येणाऱ्या कुणाच्यातरी हाती पाठवतो म्हणालाय. मॅडमनी नोंदवही काढली, त्या क्रमांकासमोर शेऱ्याच्या रकान्यात 'सुरत' असं लिहिलं. पेन्सिलीने. शाईने लिहिलं असतं तर तपासणीच्या वेळी खुलासा द्यावा लागला असता.