कला केंद्राची चावी कोणाकडे?

नमस्कार. मागे ऐकू येतंय ना? कार्डावर छापलेला विषय सेक्रेटरींनी दिलाय, "कलेतून वस्तीचा कायापालट". मला खरं तर बोलायचंय जागेच्या मालकीबद्दल. आधी राहणाऱ्याच्या डोक्यावर छप्पर, मग चित्रं, असं माझं म्हणणं आहे, त्यावर येतोच.

तर अमेरिकेतलं ह्यूस्टन. तिथे आपली मराठी मंडळी भरपूर, माझी मुलगीही त्यातलीच, शुगर लँडच्या बाजूला राहते. मी म्हटलं मला थर्ड वॉर्डातलं प्रोजेक्ट रो हाऊसेस, म्हणजे जुन्या घरांत कलाकारांनी उभं केलेलं कला केंद्र, ते बघायचंय, तर जावई म्हणाले, बाबा, त्यापेक्षा नासाला जाऊ. इथून गेलेला प्रत्येक सासरा नासाला जातोच, रॉकेटसमोर पोट आत घेऊन फोटो काढतो आणि ग्रुपवर टाकतो. मीही टाकला, तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी अंगठा दिलाय, आभारी आहे.

थर्ड वॉर्ड म्हणजे डाउनटाउनला खेटून असलेली कृष्णवर्णीयांची जुनी वस्ती. गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांनी 1872 साली वर्गणी काढून इथे 10 एकर जमीन घेतली, मुक्तीचा दिवस साजरा करायला, ते इमॅन्सिपेशन पार्क आजही आहे. जमीन आपल्या नावावर असण्याचं महत्त्व ह्या लोकांना कोणी शिकवायला नको होतं. पुढे वस्तीची रया गेली, आणि 1990 च्या सुमारास हॉल्मन स्ट्रीटवर 22 लाकडी घरं अशी पडीक होती की पाडून टाकायचीच भाषा चालली होती. छोटी घरं, एकामागे एक खोल्या, पॅसेज नाही, पुढच्या दारात उभं राहिलं की सरळ मागचं दार दिसतं, कोकणातल्या घरासारखं.

रिक लो हा तिथला चित्रकार, वस्तीच्या हालअपेष्टांवर मोठमोठी चित्रं करायचा. एकदा शाळेची पोरं त्याचा स्टुडिओ बघायला आली आणि त्यातला एक मुलगा म्हणाला, हे सगळं आम्ही रोजच बघतो, तुम्ही कलाकार आहात ना, मग ह्याच्यावर काही उपाय का नाही काढत? आपल्याकडे त्या पोराला बाईंनी दंडाला धरून बाहेर नेला असता!

आता थोडं विषयांतर, पण पोटात मावत नाही म्हणून सांगतो. आमच्या भागात एक सांस्कृतिक भवन आहे. नाव घेत नाही, बांधणाऱ्यांचे नातेवाईक इथे असतील. दोनदा उद्घाटन झालं, एकदा निवडणुकीआधी, एकदा नंतर. आम्ही मुलांचा चित्रकलेचा वर्ग मागायला गेलो तर अर्ज, मग डिपॉझिट, मग साहेब मीटिंगमध्ये, शेवटी कळलं चावी वॉचमनकडे आणि वॉचमन गावाला. मागच्या वस्तीतली पोरं त्याच पायऱ्यांवर बसून अभ्यास करतात, कारण तिथे लाइट असतो. आत ग्रॅनाइट, बाहेर पोरं. माझ्या मते ती इमारत चालायला सुरुवात झालीय ती त्या पायऱ्यांवरच, फक्त ऑफिसला पत्ता नाही.

हां, चिठ्ठी आली. पाच मिनिटं. पळतो.

1993 मध्ये लो आणि सहा सहकारी, सगळे कृष्णवर्णीय कलाकार, ह्यांनी हॉल्मन स्ट्रीटवरची ती घरं हातात घेतली, तेच प्रोजेक्ट रो हाऊसेस. पाडली नाहीत, स्वयंसेवक घेऊन दुरुस्त केली. जॉन बिगर्स नावाचे थोर चित्रकार तिथल्याच विद्यापीठात शिकवायचे, त्यांनी अशीच घरं आपल्या चित्रांत काढली होती, ती प्रेरणा. काही घरांत कलाकार येऊन काम मांडतात आणि, मला सर्वात आवडलेली गोष्ट, 1996 पासून काही घरांत एकट्या तरुण आया मुलांसकट राहतात, शिक्षण पुरं करतात. म्हणजे गॅलरीच्या शेजारी बाळोती वाळतायत, आणि दोन्ही एकाच संस्थेचं काम!

आता मुख्य मुद्दा, घाईत. वस्ती सुधारली की भाव वाढतो आणि ज्यांच्यासाठी सुधारली तीच माणसं बाहेर फेकली जातात. ह्यूस्टनमध्ये झोनिंगच नाही, म्हणजे कुठल्या भागात काय बांधायचं ह्याची सरकारी वाटणी नाही, त्यामुळे बिल्डरला मोकळं रान, उंच टाउनहाऊसेस मला शेजारीच दिसली. म्हणून ह्यांनी 2003 मध्ये रो हाऊस सीडीसी अशी वस्ती विकासाची वेगळी संस्था काढली, परवडणाऱ्या भाड्याची घरं बांधायला, त्यातल्या काहींची डिझाइन्स राईस विद्यापीठातल्या आर्किटेक्चरच्या विद्यार्थ्यांची. एल्डोराडो बॉलरूम, 1939 चं नाच-गाण्याचं सभागृह, जिथे ब्लूज गायक-गिटारवादक बी. बी. किंग वाजवून गेले, तेही ह्यांच्याच ताब्यात आलं आणि दुरुस्त होऊन 2023 मध्ये परत उघडलं. अख्ख्या वॉर्डाला हे पुरत नाही, उघड आहे. पण जेवढी घरं संस्थेच्या हातात आहेत, तेवढ्यांचं भाडं बिल्डर ठरवत नाही.

लो ह्यांना 2014 मध्ये मॅकआर्थर फेलोशिप, अमेरिकेतला मोठा सन्मान, मिळाली तेही राहिलं सांगायचं. अध्यक्ष घड्याळ बघतायत. प्रश्न चहाच्या वेळी विचारा, फक्त भवनाचा विषय नको, बीपी वाढतं.