खोडदच्या डिशचे नवे कान

(दृश्य : रात्र. कंट्रोल रूम. स्क्रीनवर एक बारीक उजळ रेघ.)

१९ ऑक्टोबर २०१६. रात्रीचे आठ वाजून गेलेत. जुन्नर तालुक्यात, खोडद गावाच्या शिवारात उभ्या असलेल्या रेडिओ दुर्बिणीच्या महाकाय डिशांनी मंगळाकडे तोंड केलंय. तिथे, सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटरवर, युरोपचं स्कियापारेली यान मंगळाच्या वातावरणात शिरतंय. त्याचा संदेश खरं तर मंगळाभोवती फिरणाऱ्या यानांसाठी आहे. पृथ्वीपर्यंत येता येता तो इतका क्षीण होतो की कुणाला ऐकू यावा अशी अपेक्षाच नसते. पण नासाच्या शास्त्रज्ञांच्या साथीनं खोडदची माणसं तो ऐकतायत. यानाचा वेग बदलतो तशी स्क्रीनवरची रेघ सरकते. आणि जमिनीला टेकण्याच्या थोडंसं आधी ती तुटते. ते यान मंगळावर आदळलं, हे नंतर स्पष्ट झालं.

त्या संदेशाची वारंवारिता साधारण ४०१ मेगाहर्ट्झ होती. हा आकडा जरा लक्षात ठेवा. कारण याच डिशांच्या जुन्या रिसीव्हरांना तो ऐकूच आला नसता.

(दृश्य : सकाळ. द्राक्षबागेमागे डिश. कॅमेरा हळूहळू जाळीजवळ.)

ही जीएमआरटी, म्हणजे जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप. आसपासच्या गावांत हिला 'खोडदची दुर्बीण' म्हणतात. ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. चौदा मधोमध, साधारण एक किलोमीटरच्या चौकात. उरलेल्या सोळा तीन फाट्यांवर, शेतं आणि टेकड्यांमधून दूरवर गेलेल्या. दोन टोकांतलं अंतर सुमारे २५ किलोमीटर. प्राध्यापक गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात हे उभं केलं.

जवळून बघा. या डिशला पत्रा नाहीच. स्टेनलेस स्टीलची तार, जाडी जेमतेम अर्धा मिलिमीटर. मधल्या भागात जाळीचं घर १० मिलिमीटरचं, कडेला २० मिलिमीटरचं. खाली उभं राहून वर पाहिलं तर जाळीतून आभाळ दिसतं. वारा आरपार जातो, म्हणून सांगाडा हलका करता आला, आणि हलका सांगाडा म्हणजे कमी खर्च. रेडिओ लहरी मात्र आरपार जात नाहीत. ही दुर्बीण ऐकते त्यातली सगळ्यात आखूड लहरसुद्धा वीस सेंटिमीटरच्या आसपास. तिच्यासाठी ही बारीक घरं म्हणजे सलग भिंत. आपल्या परिस्थितीला धरून केलेली इतकी नेमकी रचना मी फार कमी पाहिली आहे.

म्हणूनच वीस वर्षांनी दुर्बीण सुधारायची वेळ आली तेव्हा जाळीला हात लावावा लागला नाही. बदलायचं होतं ते वर, नाभीपाशी, म्हणजे जाळीवरून उलटलेल्या लहरी जिथे एकवटतात तिथे.

(दृश्य : चार पायांवर तोललेली चौकोनी पेटी, जमिनीवरून.)

डिशच्या तळापासून साधारण साडेअठरा मीटरवर ही पेटी आहे. तिच्या चार बाजूंना चार फीड, म्हणजे त्या एकवटलेल्या लहरी टिपणारे अँटेना. जो पट्टा ऐकायचा, त्याचं फीड पेटी फिरवून जाळीकडे आणायचं. जुनी फीड ठरावीक वारंवारितांभोवतीच ऐकत. १५०, २३३, ३२५, ६१०, आणि मग १००० ते १४५० मेगाहर्ट्झ. एका वेळी हाती येणारी रुंदी जास्तीत जास्त ३२ मेगाहर्ट्झ. म्हणजे मोठ्या वाड्याला चार-पाच खिडक्या, आणि त्याही किलकिल्या. ४०१ मेगाहर्ट्झ या खिडक्यांच्या मधल्या भिंतीत पडत होता.

नवं फीड पाहा. धातूचा रुंद तोंडाचा शंकू, आणि त्यात एकमेकांना छेदून बसवलेले डायपोल, म्हणजे लहरी पकडणाऱ्या दांड्या, फुलीसारखे. हे एकटं २५० ते ५०० मेगाहर्ट्झ ऐकतं. त्याच घडणीचं दुसरं, जरा लहान, ५५० ते ८५० साठी. फीडलगतच नवे लो-नॉइज ॲम्प्लिफायर, म्हणजे स्वतःचा गोंगाट फारसा न मिसळता क्षीण संकेत वाढवणारे. जागा मात्र मोजकी चार बाजूंची. नवं फीड चढवायचं तर जुनं उतरवावंच लागतं. डिश होईल तितकी खाली झुकवायची, जागीच रोखायची, आणि उंच उचलणाऱ्या यंत्राच्या पाळण्यातून वर जाऊन काम करायचं. एक डिश झाली की पुढची. अशा तीस.

आणि हे सगळं दुर्बीण चालू ठेवून. जगभरातले खगोलशास्त्रज्ञ निरीक्षणाची वेळ मागत होते, ती त्यांना मिळत होती. जुनी यंत्रणा आणि नवी यंत्रणा बराच काळ शेजारी शेजारी नांदल्या. मला या साऱ्या कामातली ही गोष्ट सर्वांत अवघड वाटते.

रुंदी ३२ वरून ४०० मेगाहर्ट्झवर गेली, तसा माहितीचा लोंढाही वाढला. प्रत्येक डिशचे दोन संकेत, म्हणजे एकूण साठ. ४०० मेगाहर्ट्झ नीट टिपायचे तर प्रत्येकाचे सेकंदाला ८० कोटी नमुने घ्यावे लागतात. ते काचेच्या तंतूंतून आलेले संकेत एकमेकांशी ताडून पाहण्याचं काम आता ग्राफिक्स कार्डं करतात. हो, तीच, व्हिडिओ गेमवाली.

(दृश्य : विजेचे खांब, तारा, लांबवर मोबाइल टॉवर.)

खिडकी मोठी केली की धूळही जास्त येते. टीव्हीचे, मोबाइलचे संकेत, आणि सगळ्यात त्रासदायक म्हणजे विजेच्या तारांवर उडणाऱ्या ठिणग्या. शेताला वीज हवी, घराला मोबाइल हवा. गावाला बंद करा म्हणून सांगता येत नाही. म्हणून दुर्बिणीच्या अभियंत्यांनी उपाय संगणकाच्या आतच बसवला : जो नमुना नेहमीच्या पातळीपेक्षा अचानक उसळतो, तो तिथल्या तिथे ओळखून बाजूला करायचा.

२०१९ पर्यंत नवी यंत्रणा पूर्ण झाली. २०२३च्या जानेवारीत एक बातमी आली. एका दीर्घिकेतल्या हायड्रोजनचा संकेत इथे सापडला होता, तिथून ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेला. मुळात १४२० मेगाहर्ट्झचा, विश्व पसरत गेलं तसा ताणला जाऊन ६२० वर आलेला. वाटेतल्या दुसऱ्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वानं त्याला भिंगासारखं मोठं केलं होतं. इथे या जाळीवर आदळून तो वरच्या धाकट्या शंकूत शिरला.

(दृश्य : संध्याकाळ. मोटारींचा घर्र आवाज.)

पेटी फिरतेय. त्या शंकूचं तोंड आता जाळीकडे येतंय. तीसही डिश एकाच वेळी पूर्वेकडे वळू लागल्यात. पुढचं निरीक्षण थोड्या वेळात सुरू होईल.