मेंदूचं वय आणि आमच्या सोसायटीचा ठराव

अध्यक्ष महोदय, वाचनालयाचे कार्यवाह आणि मंडळी,

पत्रिकेवर विषय छापलाय ‘मेंदूची वाढ आणि आपल्या शंका’. प्रास्ताविकात मात्र आत्ता ‘म्हातारपणी मेंदू तल्लख कसा ठेवावा’ असं सांगितलं गेलं. बदाम-अक्रोड आणि शब्दकोडी यांच्यासाठी कुणी आलं असेल तर मागचं दार उघडं आहे, मी वाईट वाटून घेणार नाही. कुणीच उठत नाही. म्हणजे एक तर विषय पसंत आहे, नाहीतर पंखा बरोबर तुमच्या डोक्यावर आहे.

माझी उभी हयात वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवण्यात गेली. दर वर्षी नवी तुकडी यायची. फॉर्मॅलिनमधून काढलेला मेंदू ट्रेमध्ये ठेवला की पहिली काही मिनिटं मुलांच्या डोळ्यांतून नुसतं पाणी. मग छेद घ्यायचा. बाहेर पेशींचा करडा थर, सरासरी अडीच मिलिमीटरचा, आणि आत त्यांच्या तंतूंचा पांढरा भाग. हमखास कुणीतरी विचारायचं, ‘सर, हा किती वर्षांच्या माणसाचा?’ ऐंशीच्या घरातला असेल तर अंदाज करता यायचा, कारण खाचा रुंदावलेल्या असतात. पण सतराचा की चोवीसचा? ते मला कधीच सांगता आलं नसतं. नुसत्या डोळ्यांना तो फरक दिसतच नाही. आणि नेमकं ह्याच फरकाविषयी आपल्याकडे रिक्षावाल्यापासून रिटायर्ड कलेक्टरपर्यंत प्रत्येकाचं मत पक्कं आहे.

आमच्या सोसायटीची गोष्ट सांगतो. दोन मिनिटांत सांगतो.

मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला काय झालं ते इथे कुणाला सांगायला नको. गाडी १७ वर्षांचा मुलगा चालवत होता असं पोलिसांचं म्हणणं, दोन तरुण इंजिनिअर जिवाला मुकले, आणि बाल न्याय मंडळाने जामीन देताना ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला. अख्खा महाराष्ट्र पेटला. मीही चिडलो. त्या निबंधाशी मेंदूविज्ञानाचा काडीचा संबंध नव्हता, पण राग निघाला तो मेंदूविज्ञानावर.

त्या वर्षीची आमची वार्षिक सर्वसाधारण सभा गच्चीवर भरली. कोरम होईपर्यंत चहा आणि बटाटेवडे. आमचे सेक्रेटरी गृहस्थ चांगले आहेत, पाण्याच्या टाक्या वेळेवर धुऊन घेतात, त्यांच्याविषयी माझी वैयक्तिक तक्रार नाही. वडा हातात घेऊन ते म्हणाले, ‘सतरा वर्षांचा घोडा! म्हणे मेंदू वाढायचाय. आमच्या वडिलांनी सतराव्या वर्षी घर चालवलं. हे सगळं वकिलांनी आणलेलं खूळ आहे.’ सगळ्यांनी माना डोलावल्या. एक जण म्हणाले, ‘माऊलींनी कितव्या वर्षी ज्ञानेश्वरी सांगितली? महाराजांनी तोरणा कितव्या वर्षी घेतला?’ ह्या दोन प्रश्नांपुढे महाराष्ट्रात कुणाचीच मात्रा चालत नाही. खरं तर थोरल्या माधवरावांचं नाव राहिलं होतं, १६ व्या वर्षी पेशवाई, तेही पानिपतानंतरची. तेवढं मी पुरवलं आणि माझ्याच पायावर धोंडा पाडून घेतला.

मग सभा सुरू झाली. मागील इतिवृत्त, ताळेबंद, लिफ्टचं कंत्राट, कुत्र्यांचा विषय, जो दर वर्षी असतो. आणि मग आला भाडेकरूंचा. सेक्रेटरींनी मोबाइल काढला आणि वाचून दाखवलं की माणसाचा मेंदू २५ व्या वर्षी पूर्ण होतो हे शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं आहे. त्या मेसेजमध्ये नासाचंही नाव होतं. आपल्या लोकांना नासा सोडवत नाही. तर सबब, २५ वर्षांखालच्या बॅचलर मुलामुलींना फ्लॅट भाड्याने देऊ नयेत असा ठराव. सूचक तेच, अनुमोदक माऊलीवाले.

मी उठलो. म्हटलं, ‘साहेब, तासाभरापूर्वी तुम्ही म्हणालात सतराव्या वर्षी सगळं कळतं. आता चोवीसाव्या वर्षीसुद्धा काही कळत नाही म्हणता. मधल्या काळात मेंदूला काय झालं?’ ते अत्यंत शांतपणे म्हणाले, ‘डॉक्टर, तो विषय वेगळा, हा विषय वेगळा.’

बी विंगच्या काकूंनी विचारलं, ‘माझा नातू तेविसाचा आहे. पुढच्या महिन्यात लग्न आहे. तो राहिला तर चालेल ना?’ विवाहित असेल तर चालेल, असं उत्तर मिळालं. इथल्या विवाहितांनी ह्यावर हसू नये, टाळी मात्र द्यायला हरकत नाही. पण खरी मजा पुढेच आहे. ऑडिटरच्या ऑफिसातून एक मुलगा आला होता, फार तर चोवीसचा. ताळेबंदातल्या चार चुका त्याने दाखवल्या होत्या आणि त्या निमूटपणे इतिवृत्तात घेतल्या गेल्या होत्या. हा ठराव होताना तो खुर्चीवर बसून वडा खात होता. ठराव बहुमताने संमत झाला. विरोधात मी, आणि काकू. काकूंनी हात चुकून वर केला असं नंतर कळलं.

हे मी गंमत म्हणून सांगत नाहीये. म्हणजे गंमत म्हणूनच सांगतोय, पण माझी तक्रारही त्यातच आहे. लोक संशोधनावर शंका घेतात ह्याचं मला दुःख नाही. मेंदूच्या संशोधनावर शंका घ्यावी असं पुष्कळ आहे. २००९ मध्ये अमेरिकेत क्रेग बेनेट आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एमआरआय यंत्रात सामन मासा घातला. मेलेला. बाजारातून आणलेला. त्याला माणसांचे फोटो दाखवले आणि ह्यांच्या मनात काय भावना असतील असं रीतसर विचारलं. मेंदूतले हजारो ठिपके एकदम तपासले की काही नुसत्या योगायोगानेच उजळतात; हिशेबात त्यासाठीची ठरावीक दुरुस्ती केली नाही तर त्या मेलेल्या माशाच्या मेंदूत ‘हालचाल’ दिसली! त्याबद्दल त्यांना २०१२ मध्ये इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं पारितोषिक. शंका घ्यायची तर अशी घ्या, आकडेमोडीत हात घालून.

किंवा दुसरी शंका घ्या. लहान पोरगं यंत्रात स्थिर पडून राहत नाही. डोकं हललं की चित्र पुसट येतं, आणि पुसट चित्रात तो करडा थर खऱ्यापेक्षा पातळ मोजला जातो. लहान मुलं जास्त हलतात, मोठी कमी. म्हणजे वयाचा फरक किती आणि चुळबुळीचा किती, हे वेगळं करावं लागतं. शिवाय वाढत्या वयात चेतातंतूंवर मायलिनचं आवरण चढत जातं, त्यामुळे करड्या-पांढऱ्याची सीमाच चित्रात सरकते. थर खरंच पातळ झाला की सीमा सरकल्याने तसा दिसला, ह्यावर अजून काम चालू आहे. ह्यातली एकही शंका आमच्या गच्चीवर कुणी काढली नाही. शंका काढली ती कशावर? किशोरवयात मेंदू बदलत असतो ह्यावर. आणि जो आकडा कुणीच शोधून काढलेला नाही, तो २५ चा आकडा मात्र ठरावात!

किशोरवयात मेंदू बदलतो हा शोध तर एमआरआयच्याही आधीचा आहे. शिकागोत पीटर हुटेनलोखर नावाचे मुलांच्या मज्जासंस्थेचे डॉक्टर होते. १९७९ मध्ये त्यांनी २१ मेंदूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. सगळे शवविच्छेदनातून मिळालेले, नवजात बाळापासून नव्वदीच्या माणसापर्यंत. कपाळामागच्या भागाचा इवलासा तुकडा घ्यायचा, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा आणि पेशींमधले जोड, सायनॅप्स, मोजत बसायचं. एक-दोन वर्षांच्या बाळात त्यांची दाटी प्रौढ माणसाच्या सुमारे दीडपट निघाली, आणि पुढे पौगंडापर्यंत ती कमी कमी होत गेली. मोठं होणं म्हणजे भर पडत जाणं असं आपण धरून चालतो. इथे तर वजाबाकी निघाली. मी हे वर्गात शिकवायचो तेव्हा मागच्या बाकावरून आवाज यायचा, ‘म्हणजे सर, आम्ही दिवसेंदिवस मठ्ठ होतोय.’ ह्याला मी कधी समाधानकारक उत्तर दिल्याचं आठवत नाही.

मग १९९९ मध्ये अमेरिकेत जे गीड नावाचे संशोधक आणि त्यांच्या मंडळींनी तीच तीच मुलं पुन्हा पुन्हा एमआरआयखाली घातली. पुढच्या भागातला करडा थर अकरा-बारा वर्षांपर्यंत वाढतो, मग उतरतो. २००४ मध्ये त्याच गटाने १३ मुलांची ४ ते २१ वर्षांपर्यंतची चित्रं जोडून दाखवली. तेरा! आमच्या बी विंगच्या एका मजल्यावर ह्याहून जास्त मुलं आहेत. आणि २१ ला काय झालं? अभ्यासातल्या मुलांचं वय तिथे संपलं. करड्या थराची आलेखातली रेघ अजून उतरतच होती. निधी संपला म्हणून ठेकेदाराने डांबरीकरण ओढ्यापाशी थांबवलं, तर ओढ्यापलीकडे गावच नाही असं कुणी म्हणतं का? पुढे त्या रेघेला कुणी तरी अंदाजाने पंचविशीपर्यंत ओढलं, आकडा गोल होता, तोंडात बसला.

आपल्याकडे तो बसायला जागाही तयार होती. गद्धेपंचविशी आपल्या आजोबांनाही ठाऊक होती. लोकसभेला उभं राहायला २५ हे वय संविधानसभेने कुणाच्या डोक्याचं छायाचित्र न काढता ठरवलं. महाराष्ट्रात कडक दारूला २५ आणि बिअरला २१. मतदानाला आधी २१ होतं, १९८९ पासून १८. ह्या आकड्यांत विज्ञान शोधू नका. आणि विज्ञानाच्या नावाने ते खपवूही नका…

ही चिठ्ठी आली. ‘दहा मिनिटे’. म्हणजे ज्या विषयासाठी मला बोलावलं त्याला आता दहा मिनिटं. भरभर सांगतो.

एक. २५ नाही, मग किती? २०२२ मध्ये लाखाहून जास्त माणसांचे मिळून सव्वा लाखाच्या आसपास स्कॅन एकत्र केले गेले, गर्भापासून शंभरीपर्यंत. करड्या भागाचं एकूण आकारमान सर्वांत जास्त असतं सहाव्या वर्षाच्या आसपास. पांढऱ्याचं एकोणतिशीच्या आसपास. २०२५ मध्ये केंब्रिजच्या गटाने मेंदूतल्या जोडण्यांच्या मांडणीत वळणं शोधली, ती निघाली ९, ३२, ६६ आणि ८३ ला. लगेच बातम्या आल्या, ‘पौगंड बत्तिशीपर्यंत’. आमच्या सेक्रेटरींना अजून कुणी सांगितलेलं नाही, कृपया सांगू नका. मोजाल ते बदललं की वय बदलतं, मेंदू ‘पूर्ण’ झाल्याची घंटा कुठेही वाजत नाही. आणि हे सगळे सरासरीचे आकडे आहेत. एकाच मुलाचं स्कॅन पाहून तो मनाने सज्ञान आहे की नाही, हे आज कुणीही सांगू शकत नाही. माऊलींचं उत्तरही ह्यातच आलं.

दोन, आणि हे महत्त्वाचं. मी सेक्रेटरींवर केला तसाच दुटप्पीपणाचा आरोप अमेरिकेत मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेवर झाला होता. २००५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १८ वर्षांखाली केलेल्या गुन्ह्याला फाशी नाही असा निकाल दिला, ५ विरुद्ध ४. संघटनेने म्हणणं मांडलं होतं की किशोरांची समज अपुरी असते. न्यायमूर्ती स्कालिया यांनी विरोधी मतात त्यांना पकडलं: १९९० च्या गर्भपाताच्या खटल्यात तुम्हीच म्हणाला होतात की अल्पवयीन मुली स्वतः निर्णय घ्यायला पुरेशा समंजस असतात! बिनतोड वाटतं ना? पण इथे ‘तो विषय वेगळा, हा विषय वेगळा’ हे खरं निघालं. मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स स्टाइनबर्ग आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये १० ते ३० वयाच्या ९३५ जणांच्या चाचण्यांतून ते दाखवलं. सावकाश, माहिती घेऊन, कुणाशी बोलून विचार करायचा असेल तर सोळाव्या वर्षाच्या सुमाराला मूल प्रौढांइतकंच बरं विचार करतं. मोह आवरणं, सोबत्यांपुढे ‘नाही’ म्हणणं, हे मात्र विशीतही पक्कं होत असतं. ह्याच स्टाइनबर्गनी मार्गो गार्डनरबरोबर २००५ मध्ये ३०६ जणांना गाडी चालवण्याचा खेळ दिला होता, काहींना एकटं, काहींना मित्रांसमोर. मित्र बघताहेत म्हटल्यावर किशोरांनी धोका जास्त पत्करला. चोविशीपुढच्यांवर त्याचा जवळजवळ परिणाम नाही.

तीन. आपला कायदा. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम १५. मूल १६ पूर्ण केलेलं असेल आणि गुन्हा अघोर असेल, तर मंडळाने प्राथमिक मूल्यमापन करायचं: गुन्हा करण्याची शारीरिक-मानसिक क्षमता होती का, परिणाम समजत होते का, आणि कोणत्या परिस्थितीत तो घडला. हे काम नाजूक आहे, मानसतज्ज्ञाची मदत घ्या, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं. पुण्याच्या प्रकरणात मुलाला प्रौढ धरावं हा पोलिसांचा अर्ज मंडळाने जुलै २०२५ मध्ये फेटाळला. तो निकाल बरोबर की चूक, ह्यात मी पडत नाही. शिक्षा किती असावी हे समाजाने ठरवायचं, एमआरआयने नाही.

माझी शंका त्या खोलीविषयी आहे. दुपारची वेळ, समोर मानसतज्ज्ञ, बाहेर आईवडील आणि वकील. मुलाला विचारायचं, ‘दारू पिऊन गाडी चालवली तर माणूस मरू शकतो, हे तुला कळत होतं का?’ तो हो म्हणतो आणि खरंच बोलतो. कळतं पण वळत नाही, ह्यातलं कळणं तेवढं त्या खोलीत मोजता येतं. रात्री अडीच वाजता शेजारी दोन मित्र बसलेले असतानाचं वळणं तिथे मोजता येत नाही. म्हणून कलमातल्या तिसऱ्या मुद्द्यावर, परिस्थितीवर, जास्त जोर हवा. गाडीत कोण होतं, किती वाजले होते, किल्ली घरातल्या कुणी दिली, हे आधी विचारा. मुलाच्या समजेचे गुण नंतर मांडा.

अध्यक्षांचं समारोपाचं भाषण अजून बाकी आहे, त्यामुळे थांबतो. प्रश्न चहाच्या वेळी विचारा, आणि वडे असतील तर त्याआधी.