सूप मावेल एवढी जागा

(सोलापूरच्या विडी कामगार स्त्रियांच्या घरांवरील चित्रपटाचे निवेदन)

(दृश्य : पहाट. सोलापूरचा पूर्व भाग. उंबऱ्याशी बसलेली स्त्री, मांडीवर सूप.)

रात्री भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलेली तेंदूची पाने आता मऊ झाली आहेत. पान कोरडे राहिले तर वळताना चिरते आणि फार ओले राहिले तर तंबाखूलाही ओल धरते, म्हणून पाणी किती आणि वेळ किती हे ज्याच्या त्याच्या हाताला ठाऊक असते. पत्र्याचे माप पानावर ठेवायचे, त्याच्या कडेने कात्री फिरवायची, जाड शीर काढायची, चिमूटभर तंबाखू सारखी पसरायची आणि पान बोटांखाली वळत न्यायचे. मग दोऱ्याचे वेढे बसतात आणि शेवटी तोंड दुमडले जाते. या हातांकडे थोडा वेळ नुसते पाहावे. पाहणाऱ्याला एक विडी पूर्ण झाल्याचे कळेपर्यंत दुसरी अर्धी झालेली असते.

मजुरी मिळते ती हजार विड्यांच्या हिशेबाने. तयार माल कंपनीच्या ब्रँचवर नेऊन द्यायचा, तिथे तो तपासला जातो आणि नापसंत विड्या छाट म्हणून बाजूला पडतात. छाटीत गेलेल्या विडीलाही पान, तंबाखू आणि वेळ तेवढाच लागलेला असतो.

(दृश्य : बोळ, यंत्रमागाचा आवाज, वाळत घातलेले रंगीत सूत.)

1877 साली सोलापुरात कापडाची पहिली मोठी गिरणी सुरू झाली आणि पुढे तिला ‘जुनी गिरणी’ हेच नाव पडले. तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी या शहराला चादर दिली. मराठी, तेलुगू आणि कन्नड एकाच बोळात ऐकू येते ते त्यामुळेच. घरातला पुरुष मागावर आणि स्त्री विडीवर, अशी अनेक कुटुंबांची विभागणी झाली. 1966 साली विडी कामगारांच्या सेवाशर्तींचा कायदा आला. कारखानदारावर जबाबदाऱ्या आल्या तसे देशभर हे काम कारखान्याच्या छपराखालून कामगाराच्या घरात सरकत गेले. म्हणजे कामाची जागा, दिवाबत्ती आणि पाणी यांचा खर्च जिने विड्या वळल्या तिच्याच पदरात आला. या चित्रपटाचा विषय घरे असूनही आम्ही सुपापासून सुरुवात केली, त्याचे कारण हेच आहे.

(दृश्य : आकाशातून कुंभारी. घरांच्या ओळी क्षितिजापर्यंत.)

अक्कलकोट रस्त्याने शहराबाहेर पडले की कुंभारीच्या माळावर ही वसाहत दिसते. किसान चळवळीतल्या नेत्या गोदावरी परुळेकर यांनी ठाणे जिल्ह्यातल्या वारल्यांमध्ये काम केले आणि त्यांचे नाव सोलापूरच्या विडी कामगार महिलांनी आपल्या वसाहतीला दिले. 10 हजार घरांच्या या गोदूताई परुळेकर वसाहतीच्या किल्ल्या 1 सप्टेंबर 2006 रोजी तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते दिल्या गेल्या. माजी आमदार नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली कामगारांनी मोर्चे काढले, सहकारी संस्था नोंदवली, आपला हिस्सा थोडा थोडा करून भरला आणि केंद्र व राज्य सरकारला आपापला वाटा उचलायला लावले. ज्या बाईकडे ना पगाराची चिठ्ठी, ना तारण ठेवण्याजोगे काही, तिला एकटीला कोणती बँक दारात उभी करेल? दहा हजार बायका एकत्र गेल्या तेव्हा मात्र टेबलापलीकडच्या माणसाला खुर्ची पुढे करावी लागली.

(दृश्य : तीन मजली इमारती, गॅलरीत वाळणारे कपडे, जिन्यात खेळणारी मुले.)

जवळच उभे राहिलेले रे नगर हे त्याच प्रयत्नाचे पुढचे पाऊल आहे. प्रधानमंत्री आवास योजनेखालच्या या प्रकल्पात 30 हजार घरांचे नियोजन झाले. त्याची पायाभरणी 9 जानेवारी 2019 रोजी झाली आणि त्यातली 15 हजारांवर घरे 19 जानेवारी 2024 रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते लाभार्थ्यांकडे आली. विडी कामगारांच्या जोडीला यंत्रमाग कामगार, फेरीवाले, कचरा वेचणाऱ्या स्त्रिया आणि वाहनचालक यांचीही नावे या यादीत आहेत. योजनेनुसार एका घरामागे केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख रुपये मिळतात, उरलेली रक्कम कामगाराने स्वतः किंवा कर्ज काढून उभी करायची असते. घर कुटुंबातील स्त्रीच्या नावे किंवा निदान दोघांच्या नावे असावे, ही योजनेतली अट आम्हाला अनुदानाइतकीच मोलाची वाटते.

पण घर शहराबाहेर आल्यामुळे कामाचे ठिकाण, शाळा आणि बाजार यांची ये-जा वाढली आहे, आणि तिचा खर्च महिन्याच्या हिशेबात धरावा लागतो.

(दृश्य : रिकामी खोली, फरशीवर उन्हाचा चौकोन.)

दुर्बल घटकांसाठीच्या घराची मर्यादा योजनेने 30 चौरस मीटर चटईक्षेत्र, म्हणजे सुमारे सव्वातीनशे चौरस फूट ठरवली होती. हे माप कुटुंब किती माणसांचे आहे आणि ती कुठे झोपतील यावरून काढलेले दिसते. परवडणारी घरे आणि स्थानिक अर्थकारण यांवर भरणाऱ्या परिषदांमध्ये अनुदान, व्याजदर आणि बांधकामाचा दर यांवर बारकाईने चर्चा होते. पण भिजलेल्या पानांचे गाठोडे, तंबाखूची पिशवी, पाय लांब करून बसलेली बाई आणि तिच्या शेजारी अभ्यास करणारे मूल यांना मिळून किती फरशी लागते, हा हिशेब त्या चर्चेत क्वचितच मांडला जातो. तंबाखूची धूळ स्वयंपाकाच्या भांड्यांपर्यंत जाऊ नये, यासाठी मजल्यावर एक समाईक, हवेशीर खोली एवढीही सोय पुरेशी ठरली असती. नवी वसाहत आखणाऱ्यांनी तरी ती नकाशात धरावी.

(दृश्य : संध्याकाळ. नव्या घराचे दार.)

या घरात दिवसभर उजेड टिकतो तो दाराशीच. म्हणून तिने बसायची जागा तिथेच धरली आहे. जिन्याने वर जाणारी शेजारीण सूप ओलांडताना साडीच्या निऱ्या उचलून धरते, दोघी तेलुगूत काहीतरी बोलतात आणि हसतात. आणलेल्या पानांतली निम्मी अजून वळायची आहेत. ती उठते, बटण दाबून दिवा लावते आणि पुन्हा बसते.